फोन तुम्हालाच येतोय तोवर विकणार काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते कळेल. मोठ्या इमारतींच्या, हॉस्पिटलांच्या आणि शीतगृहांच्या कूलिंग यंत्रणांची देखभाल-दुरुस्ती हा तुमचा व्यवसाय. चौदा वर्षं झाली, अकरा माणसं आहेत, नफा दरवर्षी चांगला, फर्मला तुमचं आडनाव. तीन-चार वर्षांत तुम्हाला यातून बाहेर पडायचंय. एक खरेदीदार आला, हिशेब बघितले, दोन दिवस तुमच्या ऑफिसात बसला आणि म्हणाला, "तुम्ही निघालात तर इथे विकत घेण्यासारखं उरतं काय?" शेवटी त्याने देऊ केलं ते असं: निम्मी रक्कम आता, निम्मी पुढच्या तीन वर्षांच्या नफ्यावर, आणि ती तीन वर्षं तुम्ही रोज कामावर. तुम्ही विचारताय, आधी मॅनेजर नेमू की कामाच्या पद्धती लिहून काढू? आणि ही ऑफर घ्यावी का?

मी बरीच वर्षं धंद्यांच्या खरेदी-विक्रीत तपासणीचं काम करतो, कधी विकणाऱ्याच्या बाजूने, जास्त वेळा घेणाऱ्याच्या. त्यामुळे समोरचा माणूस त्या दोन दिवसांत तुमच्या ऑफिसात काय बघत होता, हे मला माहीत आहे. तो हिशेब कमी बघत होता. तुमचा फोन किती वेळा वाजतो आणि फोन ठेवल्यावर कोण काय कामाला लागतं, ते तो बघत होता.

मॅनेजर आधी की पद्धती आधी, यावर तुमचं घोडं अडलेलं नाही. धंद्यातले निर्णय कुठे राहतात, हा खरा प्रश्न आहे. कामं तुम्ही केव्हाच दुसऱ्यांवर सोपवलीत. अकरा माणसं पगार घेतात म्हणजे स्क्रू तुम्ही फिरवत नाही. पण किंमत किती सांगायची, सूट द्यायची की नाही, कोणाची तक्रार आधी धरायची, कुठला जुना कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा आणि कुठला बदलायला सांगायचा, हे सगळं अजून तुमच्या डोक्यात आहे. मॅनेजर आणून बसवलात तरी तो हेच विचारायला तुमच्याकडे येणार. पद्धतींची जाडजूड फाइल केलीत तरी तिच्यात हे नसणार, कारण हे लिहून ठेवण्यासारखं काही आहे असं तुम्हालाच वाटत नाही.

घेणारा मागच्या चौदा वर्षांच्या नफ्याला पैसे देत नाही. तो पुढच्या पाच-सहा वर्षांच्या नफ्याला देतो, आणि त्यातली बहुतेक वर्षं तुमच्याशिवायची असणार. म्हणून त्याच्या लेखी किंमत ठरते ती नफ्याच्या आकड्यावर आणि तुम्ही नसताना तो नफा टिकेल याची त्याला किती खात्री वाटते त्यावर.

आकड्यांत बघू. समजा सगळा खर्च जाऊन वर्षाकाठी तुमच्या हाती १०० येतात. त्यात धंद्याची कमाईही आहे आणि तुमच्या कष्टाचा मोबदलाही. तुमच्या जागी पगारी माणूस बसवायला ४० लागणार असतील, तर धंद्याची स्वतःची कमाई ६०. मालकाच्या जोरावर चालणाऱ्या लहान धंद्यांना त्या १०० च्या दोन-तीन पट भाव सर्रास सांगितला जातो. स्वतःची फळी उभी असलेल्या धंद्यांना ६० वर चार-पाच पट, कधी जास्त. हे पट क्षेत्र, आकार आणि त्या वेळचे व्याजदर यांवर खाली-वर होतात, त्यामुळे यातला कुठलाही आकडा दगडावरची रेघ समजू नका. पहिल्या हिशेबाने अडीच पट धरले तर २५०. दुसऱ्या हिशेबाने पाच पट धरले तर ३००, आणि अकरा माणसांच्या धंद्याला चारच पट मिळाले तर २४०. म्हणजे मॅनेजर ठेवल्याने नफा ४० टक्क्यांनी घटला तरी विक्रीचा आकडा जिथल्या तिथे राहतो किंवा थोडा वाढतो. मोठा फरक पडतो तो अटींत. पहिल्या प्रकारात निम्मे पैसे तुमच्या पुढच्या हजेरीवर टांगलेले असतात. दुसऱ्यात बहुतेक पैसे सही करताना हातात येतात आणि तुम्ही काही महिन्यांत मोकळे होता. बरेच मालक फक्त आकड्याकडे बघतात आणि मग म्हणतात की एवढा खटाटोप कशाला. मला मात्र अटी नेहमीच आकड्यापेक्षा महत्त्वाच्या वाटत आल्यात.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. घेणारा कोण आहे त्यावर तुम्ही काय उभं करायचं हे बदलतं. तुमचाच स्पर्धक घेणार असेल तर त्याच्याकडे ऑफिस आहे, मॅनेजर आहे, हिशेबनीस आहे. त्याला तुमचे करार आणि तुमचे मेकॅनिक हवेत, तुमच्या व्यवस्थेशी त्याला फारसं देणंघेणं नाही. तुमच्याच हाताखालचा माणूस घेणार असेल तर त्याला काम येतं, पण त्याच्याकडे पैसे नाहीत. तिथे व्यवहार हप्त्यांचा होतो आणि धंद्याने स्वतःचा हप्ता स्वतः फेडावा लागतो. बाहेरचा गुंतवणूकदार असेल तर त्याला चालवणारी फळी आयती लागते, तो स्वतः चिलरला, म्हणजे इमारत गार ठेवणाऱ्या त्या मोठ्या यंत्राला, हात लावणार नाही. आणि काही व्यवसाय असे असतात की तिथे माणूस हाच माल असतो. शल्यविशारद, एखादा वकील, एखादा चित्रकार. तिथे फार तर ओळखी आणि अशिलांची यादी टप्प्याटप्प्याने सोपवता येते. तुमचं काम त्यातलं नाही. यंत्र दुरुस्त कोणी केलं याच्याशी यंत्राला काही घेणं नसतं. म्हणून तुमच्या बाबतीत मला आशा आहे.

आता सुरुवात. एक वही घ्या. फोनमधलं ॲप नको, टेबलावर उघडी दिसेल अशी वही. पुढचा एक महिना तुमच्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहायचा: कोणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलंत, आणि त्या माणसाला ते उत्तर स्वतः का देता आलं नाही. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच भरायचा कंटाळा येतो. महिनाअखेरीची बिलं आणि पगार त्या काळात यायला हवेत, कारण अर्धे प्रश्न तिथेच निघतात.

तुमच्यासारख्या धंद्यात त्या वहीत काय दिसेल ते मी आताच सांगू शकतो. "त्या हॉस्पिटलच्या चिलरचा वायरिंग डायग्राम कुठे आहे?" "ते बिलात दहा टक्के कमी करा म्हणतायत, करू का?" "कॉम्प्रेसर बदलायचा का आधी कॉइल साफ करून बघू?" "साहेबांशीच बोलायचंय म्हणतायत."

हे चार प्रश्न चार वेगवेगळ्या जातींचे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिल्यात माहिती एका जागी नाही. दुसऱ्यात अधिकार दिलेला नाही. तिसऱ्यात पारख शिकवलेली नाही. चौथ्यात नातं तुमच्याशी आहे, फर्मशी नाही. मालक या सगळ्यांवर "माणसं जबाबदारी घेत नाहीत" असा एकच शिक्का मारतात आणि मग एकच औषध शोधतात. म्हणूनच मॅनेजर आधी की फाइल आधी असा प्रश्न पडतो.

माहितीचं काम सोपं आहे, दोन-तीन महिन्यांत उरकतं. प्रत्येक जागेची एक नोंद: कुठली यंत्रं, कुठल्या वर्षाची, कुठला गॅस भरलेला, मागच्या भेटीत काय केलं, किल्ली कोणाकडे, आत जायची परवानगी कोण देतं. मेकॅनिकने काम संपवलं की जागा सोडण्याआधी ही नोंद भरायची, नाहीतर काम पूर्ण धरायचं नाही. बस.

अधिकाराचं त्याहून सोपं आहे, फक्त मालकाला जड जातं. मर्यादा लिहून द्या. बिलाच्या पाच टक्क्यांपर्यंत सूट सुपरवायझर देईल, विचारायचं नाही. एका भेटीत अमुक रकमेपर्यंतचे सुटे भाग मेकॅनिक स्वतः बदलेल, विचारायचं नाही. आणि मग कोणी मर्यादेच्या आत राहून तुम्हाला न पटणारा निर्णय घेतला, तर तो फिरवू नका. एकदा जरी चारचौघांत फिरवलात तर दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा फोन करायला लागतात. मर्यादा चुकीची वाटली तर पुढच्या महिन्यापासून बदला. झालेला निर्णय तसाच राहू द्या.

आता पारख. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण इथेच धंद्याची खरी मेख असते आणि इथेच बहुतेक मालक हात टेकतात. तुमच्या धंद्यात पारखीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कोटेशन. जागेवर जाऊन, यंत्राभोवती एक फेरी मारून तुम्ही आकडा सांगता आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. विचारलं तर म्हणता, अनुभव आहे, अंदाज येतो.

अंदाज म्हणजे घाईघाईने विचारलेले पाच-सहा प्रश्न असतात. ते बाहेर काढायची एक रीत मी पुष्कळ ठिकाणी वापरली आहे. ज्याला तुम्ही हे काम देणार आहात त्याला प्रत्येक पाहणीला सोबत न्या. सुरुवातीचे काही आठवडे तुम्ही आकडा ठरवताना मोठ्याने बोलायचं आणि त्याने लिहून घ्यायचं: यंत्र किती जुनं, छतावर चढवायला क्रेन लागेल का, आधीच्या देखभालवाल्याने काय गोंधळ घालून ठेवलाय, हे गिऱ्हाईक पैसे वेळेवर देतं का, यंत्र बंद पडलं तर त्यांचं किती नुकसान होतं. शीतगृहात काही तासांत माल खराब होतो, ऑफिसात माणसांना फक्त घाम येतो. त्यामुळे किती तासांत पोचायचं हा शब्द देताना दोन्हीकडे एकच दर लावून चालत नाही. तुम्हाला हे माहीत आहे, पण ते तुम्ही कधी मोठ्याने बोललेले नसता.

मग उलटं करा. दोघांनी वेगवेगळा आकडा काढायचा, एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचा, आणि मगच कागद समोरासमोर ठेवायचे. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर चर्चा नाही, त्याचाच आकडा जाऊ द्यायचा. जास्त असेल तर फक्त त्या फरकावर बोलायचं. देखभालीच्याच धंद्यातल्या एका मालकाला हे करताना मी बघितलंय. त्यांचा सहायक काही विशिष्ट जागांवर नेहमी कमी आकडा काढायचा, बाकी ठिकाणी दोघांचं जुळायचं. कागद शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं की या सगळ्या जागांवर काम फक्त रात्री करता येत होतं. मालक रात्रीच्या कामाला जवळपास एक तृतीयांश वाढवून धरत होते आणि ते आपण करतो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. एक ओळ लिहिली गेली आणि तो फरक गेला. अशा आठ-दहा ओळी जमल्या की तुमची बरीचशी पारख कागदावर आलेली असते. उरलेली खरोखरच अवघड प्रकरणं असतात. ती महिन्याला मोजकीच येतात आणि त्यांच्यासाठी दोघा-तिघांनी बसून ठरवणं परवडतं.

प्रत्येक कोटेशनचा निकालही लिहा: काम मिळालं की नाही, आणि मिळालं तर शेवटी किती उरलं. घेणाऱ्याला दोन वर्षांचा हा तक्ता दाखवता आला, आणि त्यात तुम्ही काढलेली कोटेशनं व दुसऱ्यांनी काढलेली कोटेशनं यांचा नफा जवळपास सारखा दिसला, तर "तुम्ही निघालात तर काय" या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्या माहितीत नाही.

याला जोडूनच एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की देखभालीशिवाय डक्टिंग (गार हवेचे मार्ग बसवणं), थोडं विजेचं काम, कोणी मागितलं तर नवी उभारणी, असं सगळं करता. यातलं बरंच सोडावं लागेल. मॅकडोनाल्ड बंधूंची गोष्ट लोक यंत्रवत व्यवस्थेचं उदाहरण म्हणून सांगतात, पण त्यात आधी काय घडलं ते मागे पडतं. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमधलं आपलं चांगलं चालणारं रेस्टॉरंट त्यांनी काही महिने बंद ठेवलं आणि पदार्थांची यादी कापून नऊवर आणली. पुढे टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघर आखून माणसांच्या हालचाली बसवल्या, त्या नऊ पदार्थांसाठी. पंचवीस पदार्थांसाठी ते जमलं नसतं. १९६१ मध्ये त्यांच्या नावाची रेस्टॉरंटं इतरांना चालवायला देणाऱ्या रे क्रॉकने २७ लाख डॉलरना त्यांचा व्यवसाय घेतला, तोपर्यंत त्याच पद्धतीची रेस्टॉरंटं दुसरी माणसं ठिकठिकाणी चालवत होती. तुमच्या बाबतीत शिकवता येतील अशी कामं तीन-चारच असणार. जी वर्षातून दोनदा येतात आणि दर वेळी तुम्हालाच उभं राहावं लागतं, ती नफ्याची असली तरी दुसऱ्या कोणाकडे पाठवा.

पद्धती लिहायच्याच आहेत, पण थोड्या. १९३५ च्या ऑक्टोबरात ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. चालवणारे कसलेले वैमानिक होते. शेपटीकडची नियंत्रणं जागच्या जागी धरून ठेवणारं लॉक उड्डाणाआधी काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर लष्कराच्या वैमानिकांनी तपासणीची छोटी यादी वापरायला सुरुवात केली. विमान कसं उडवायचं याचं पुस्तक त्यांनी लिहिलं नाही. जाणत्या माणसाकडूनही जे राहून जातं तेवढंच लिहिलं. तुमच्या मेकॅनिकला कॉइल साफ करणं शिकवायचं नाहीये. निघताना ड्रेन लाइन मोकळी आहे ना, पॅनेलचे सगळे स्क्रू बसले ना, गिऱ्हाईकाची सही घेतली ना, एवढं एका पानावर हवं. आणि ते पान जो काम करतो त्याने लिहावं, तुम्ही नाही. मग दुसऱ्या कोणीतरी फक्त ते पान वाचून काम करायचं आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प उभं राहायचं. जिथे त्याला बोलल्याशिवाय राहवणार नाही, तिथे पान अपुरं आहे.

चौथी जात, नाती. "साहेबांशीच बोलायचंय" हे ऐकून बरं वाटतं, पण विक्रीच्या वेळी तेच आड येतं. तुमच्या मोठ्या गिऱ्हाईकांपैकी प्रत्येकाला फर्ममधली किमान दोन माणसं नावाने माहीत हवीत. तुम्ही अचानक गायब झालात तर लोक बिथरतील, म्हणून क्रम असा ठेवा: आधी तुमच्यासोबत सुपरवायझर, मग सुपरवायझर पुढे आणि तुम्ही मागे, मग एकटा सुपरवायझर. फोन आला की तुम्हीच उत्तर देऊन मोकळं व्हायची सवय मोडा. "ते तुम्हाला तासाभरात फोन करतील" म्हणा आणि तो फोन खरंच तासाभरात जाईल हे बघा. दोन-तीनदा तसं झालं की गिऱ्हाईक आपणहून थेट त्याला फोन करतं, कारण त्याला तुमच्यापेक्षा उत्तर जास्त हवं असतं.

एकच गिऱ्हाईक तुमच्या वर्षाच्या उलाढालीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असेल तर घेणारा तिथे थांबतो. तुम्ही लिहिलंय की एका हॉस्पिटल समूहाकडून ३५ टक्के काम येतं. मग तो खरं तर त्या एका करारावरच पैसे लावतोय. ते काम कमी करू नका, बाकीचं वाढवा. आणि तो करार काढून वाचा: मालकी बदलली तर तो आपोआप पुढे चालू राहतो का, की समोरच्याची लेखी संमती लागते? संमती लागत असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ते कलम बोलून घ्या. तेव्हा ते सहज बोलता येतं. विक्रीच्या तोंडावर विचारलंत तर समोरचा सावध होतो. शक्य तितकी गिऱ्हाइकं वार्षिक देखभाल करारावर आणा. बिघाड झाला की बोलावणाऱ्यांकडून पैसे जास्त सुटत असतील, पण पुढच्या वर्षी ते बोलावतील का हे कोणी सांगू शकत नाही, आणि घेणाऱ्याला तर नाहीच नाही.

कागदांचं पटकन सांगतो. फर्मचा फोन नंबर, वेबसाइटचं नाव, सॉफ्टवेअरची खाती, जागेचा भाडेकरार, गाड्या, यातलं काय तुमच्या वैयक्तिक नावावर आहे ते शोधा आणि फर्मच्या नावावर करा. कर्जाला तुमची वैयक्तिक हमी असेल तर बँकेशी आताच बोला. रेफ्रिजरंट, म्हणजे कूलिंगचा गॅस, हाताळायचा परवाना किंवा प्रमाणपत्र बऱ्याच देशांत व्यक्तीच्या नावाने असतं. तुमच्याकडे ते फक्त तुमच्याच नावाने असेल तर तुम्ही जाल त्या दिवशी फर्मचं काम कायद्याने थांबतं. आणखी दोघांना ते घ्यायला लावा, खर्च फर्मचा.

आणि आडनाव. ते बदलायलाच हवं असं नाही, पण विकताना ते जातं हे मनाशी धरून चाला. ब्रिटिश उद्योजिका जो मॅलोन यांनी आपल्याच नावाचा सुगंधी उत्पादनांचा व्यवसाय १९९९ मध्ये एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला विकला आणि २००६ मध्ये तिथून बाहेर पडल्या. २०११ मध्ये पुन्हा त्याच क्षेत्रात आल्या तेव्हा स्वतःचं पूर्ण नाव त्यांना दुकानावर लावता येत नव्हतं, म्हणून नवा ब्रँड 'जो लव्ह्ज' या नावाने काढावा लागला. तुमच्या मुलांपैकी कोणी याच क्षेत्रात यायचा विचार करत असेल, तर ही गोष्ट आज घरात बोलून घ्या.

हिशेबांबद्दल मी कडक आहे. घरचे खर्च फर्ममधून, नात्यातल्या माणसाला काम न करता पगार, काही व्यवहार वहीबाहेर, हे असेल तर आजपासून बंद करा. जो नफा ताळेबंदात नाही त्याला घेणारा एक पैसाही देत नाही, आणि तुम्ही तो तोंडी सांगितलात तर बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. तो साधारण मागची तीन वर्षं बघतो. तुम्हाला तीन-चार वर्षांत निघायचंय, म्हणजे तुमचं पहिलं स्वच्छ वर्ष हेच असायला हवं. स्वतःला बाजारभावाने पगार लावा आणि तो खर्चात दाखवा. नफ्याचा आकडा लहान दिसेल, पण तो खरा असेल आणि त्यावर कोणाला वाद घालता येणार नाही.

आता मॅनेजर. वही महिनाभर भरून झाल्यावर कोणाला नेमायचं ते तुम्हाला जास्त स्पष्ट दिसेल, म्हणून आधी वही. माझा कल नेहमी आतल्या माणसाकडे असतो. बाहेरून हुशार माणूस आणला तरी तुमच्या मेकॅनिकांनी त्याला मानायला वर्ष जातं. पण सगळं एकाच माणसावर लादू नका. कोटेशन एकाकडे, रोजची कामवाटणी दुसऱ्याकडे, बिलं आणि येणी तिसऱ्याकडे. नाहीतर जे आज तुमच्यावर टांगलेलं आहे ते उद्या त्याच्यावर टांगलं जाईल, आणि घेणारा विचारेल, "हा सोडून गेला तर?" या तिघांना मालकी बदलल्यानंतर वर्षभर टिकल्यास मिळेल अशी ठरावीक रक्कम लेखी द्या. ती विक्रीच्या पैशातून जाईल आणि तिच्यामुळे विक्रीचे पैसे वाढतील.

हे साधारण वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. मग परीक्षा. चार आठवडे बाहेर राहा, त्यात एक महिनाअखेर यायला हवी, आणि फोन बंद. दिवसातून एकदाच बघेन म्हणणाऱ्यांची परीक्षा होत नाही, कारण माणसं प्रश्न साठवून ठेवतात आणि संध्याकाळी विचारतात. परत आल्यावर तीनच गोष्टी बघा: काय अडून राहिलं, काय तुम्ही केलं असतं त्याहून वेगळं झालं, आणि येणी वेळेवर आली का. अडून राहिलेलं दुरुस्त करा. वेगळं झालेलं बहुतेक सोडून द्या. येणी थकली असतील तर तिकडे खास लक्ष द्या, कारण पैशासाठी गिऱ्हाईकाला फोन करणं हे मालकाने न कळत स्वतःकडे ठेवलेलं काम असतं.

राहिली ऑफर. आज आहे त्या स्थितीत ती अन्याय्य नाही. निम्मे पैसे मागे ठेवून त्याने सरळ सांगितलंय की निम्मा धंदा त्याला दिसला आणि निम्मा म्हणजे तुम्ही. प्रकृती किंवा घरची निकड असेल तर घ्या. तशी घाई नसेल तर नाही म्हणा, पण दार बंद करू नका. त्याला सांगा की दोन वर्षांनी पुन्हा बोलू, आणि मधल्या काळात दर सहा महिन्यांनी दोन ओळी कळवत राहा: किती गिऱ्हाइकं करारावर आली, कोटेशन आता कोण काढतं. ज्याने एकदा हिशेब बघितलेत त्याला हे बदल दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर कळतात.

आणि घ्यायचीच ठरवलीत, तर मागे राहणारी निम्मी रक्कम नफ्यावर बांधून घेऊ नका. विक्रीनंतर खर्च घेणाराच ठरवणार. नवी गाडी, त्याच्या मुख्य कार्यालयाच्या खर्चाचा वाटा, त्याच्या माणसांचे पगार, सगळं तुमच्या नफ्यातून वजा होऊ शकतं आणि त्यात काही बेकायदेशीरही नसेल. ती रक्कम फर्मच्या वर्षाच्या उलाढालीवर किंवा टिकून राहिलेल्या देखभाल करारांच्या संख्येवर बांधा. आज किती करार आहेत त्याची यादी दोघांच्या सहीने कराराला जोडा. आणि त्याने तुम्हाला मुदतीआधी कामावरून कमी केलं तर उरलेली पूर्ण रक्कम लगेच देय होईल, हे कलम घातल्याशिवाय सही करू नका.